नाटकातला जिना आणि आमची लिफ्ट

मंडळी, आज दुपारी पनवेलला एक नवीन नाटक बघितलं. घरी येऊन चार तास झाले, तरी डोक्यातून जात नाहीये.

गोष्ट जुनीच. दोन घरांचं पटत नाही आणि मुलं प्रेमात पडतात. इथे मुलगी उरणच्या कोळ्यांची, घरोघर मासळी पोचवणारी, आणि मुलगा टॉवरच्या सातव्या मजल्यावरचा. सोसायटीने मासळीवाल्यांना लिफ्ट बंद केलीय, म्हणून ती जिन्याने चढते. तिला भेटायला तो जिन्याने उतरतो. त्यांचं सगळं प्रेम त्या पायऱ्यांवरच होतं.

सोसायटीची नोटीस वाचली गेली तेव्हा सगळं थिएटर हसलं. मला हसता येईना. खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अशीच नोटीस आहे, आणि सेक्रेटरी म्हणून ती मीच लिहिलीय.

बाहेर पडताना सुमनमावशी भेटल्या. दर रविवारी आमच्या पाचव्या मजल्यावर मासळी आणतात त्या. नायिका झालेली मुलगी त्यांची भाची निघाली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मावशी, जिन्यातले प्रसंग किती गोड होते ना."

"गोड हायेत," त्या हसून म्हणाल्या. "पन ती दोघं प्रेमात हायेत. माजे गुडघे दुखतात, ताई."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. तेच जास्त लागलं.

घरी आल्या आल्या लिफ्टजवळची ती नोटीस काढून टाकली. कमिटीतल्यांचे फोन सुरू झालेत.

तुमच्या लिफ्टमध्ये कोणाला मनाई आहे? आणि ती पाटी कोणी लिहिलीय?