पांढऱ्या साडीतला चेहरा

आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. धाकट्या बहिणीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग मी अंगावर घेतलं, तेव्हा याचा विचारच केला नव्हता. पावर हाउसच्या बाजारातून कॅमेरा आणि हॅलोजनचा दिवा भाड्यानं आणला. लग्नाच्या सकाळी कॅमेरा क्वार्टरमधल्या टीव्हीला जोडला आणि तिला समोर उभं केलं. साडी पांढरी, मागे आईनं हौसेनं लावलेली चादर पांढरी, आणि मधे चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मी दिवा आणखी जवळ नेला. चेहरा काळाच राहिला.

"ताई, मी अशी दिसून राहिली का?" ती रडवेली झाली. ही कॅसेट सासरी जाणार होती.

मागे उभे असलेले बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर काम करायचे. पेटलेली भट्टी ज्यातून पाहतात ती निळी काच त्यांनी खिशातून काढली आणि डोळ्याला लावून बहिणीकडे पाहिलं.

"अवं, दिवा कावून वाढवतं? मागचं पांढरं काढ पयले. भट्टीच्या तोंडासमोर उभा मानूस काळाच दिसते."

चादर काढून मी तिथे निळी सतरंजी टांगली आणि दिवा छताकडे वळवला. टीव्हीवर नाक, डोळे, हनुवटी, सगळं जागेवर आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"गालावरचा फोड पन दिसून राहिला," बहीण कुरकुरली.

"दिसू दे," मी म्हटलं आणि कॅमेरा सुरू केला.