मान टाकलेला पटर

माझं तास वाकडं गेलं असं म्हणणारा माणूस पुसेगावच्या शिवारात अजून जन्माला यायचाय. मी तिफण धरली की पेरणीचं तास बांधापासून बांधापर्यंत सुतात जातं. त्यामुळं बायकोनं भर अंगणात, गाव जमलेलं असताना, "अवं, तुमी वाकडं मारून राहिले," असं म्हटलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाव काहून जमलं होतं, ते आधी सांगतो. पोरीनं पुण्यात आपलं आपणच लग्न जमवलं होतं. पोरगा चांगला, पण बापाच्या शब्दाबाहेर नाही. आणि बाप म्हणजे रिटायर झालेला मोठा साहेब. त्यांनी फोनवर मला सांगितलं, "बोलणी करायला याल तेव्हा सकाळी गोल्फ खेळू. मोठे फटके नकोत, नुसता पटर चालवू. माणूस कसा आहे ते मला हिरवळीवर कळतं." झालं! आमच्या घरात अन्न गोड लागेना. पोरगी फोनवर रडकुंडीला आली, "आबा, तुमच्यावर हाय आता सगळं."

होणाऱ्या जावयानं सरावासाठी ट्रॅव्हल्सनं दोन पटर पाठवले. पटर म्हणजे गवतावरून चेंडू ढकलून भोकात सोडायची काठी, खाली लोखंडाचा पाय असलेली. आमच्या शेजारच्या गोरेगावला पार्सल उतरवून घेतलं, तर एकजण विचारतो, "पाणी पाहायचं यंत्र व्हय का?" मी हो म्हटलं. सगळं सांगत बसायला वेळ कोणाला होता? त्या माणसाला माझा नंबर कोणी दिला देव जाणे, अजून बोअरसाठी फोन करतो.

जावयानं फोनवर समजावलं. दांडी बोटावर आडवी तोलायची. एका पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आभाळाकडं राहील, तो हात सरळ मागं-पुढं नेणाऱ्याचा. दुसऱ्याचं टोक जमिनीकडं लोंबेल, तो ज्याचा हात कमानीसारखा वळून जातो त्याचा. "तुमचा हात कसा जातो ते बघा, आबा, आणि मग निवडा."

मी तोलले. एकानं आभाळ पाहिलं, दुसऱ्यानं मान टाकली. आता यात निवडायचं काय? माझ्या चुलत्यानं तर निकालच दिला, "सरळ माणसानं मान टाकलेला पटर काहून घ्यावा? व्याही एका नजरेत वळखतील, पोरीचा बाप वाकडा हाय म्हणून. सोयरीक मोडंल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी तासं साऱ्यांनी पाहिलेली होती.

अंगण सारवून गुळगुळीत केलेलं होतं. भोक म्हणून अंगणात पुरलेलं उखळच धरलं. मी आभाळवाला पटर घेतला, नेम धरला आणि मारला. चेंडू उखळाच्या उजवीकडून निघून गेला. पुन्हा मारला, पुन्हा उजवीकडून. दहादा मारला आणि दहाही वेळा तेच. चुलता म्हणाला, "उखळच चुकीच्या जागी हाय." लगेच कोणीतरी पहार आणली. माझ्या आजोबांच्याही आधीपासून जागचं न हललेलं ते उखळ चार गड्यांनी उपटलं आणि हातभर उजवीकडं बसवलं. मी पुन्हा उखळावर नेम धरला. चेंडू पुन्हा उखळाच्या उजवीकडून गेला. चुलता म्हणाला, "अजून जरा सरकवा."

तेव्हा बायको ते वाक्य बोलली. घरात जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली, माझ्या पायापुढं पांढरी रांगोळी पसरली आणि म्हणाली, "आता चेंडू ठिवू नका. नुसता हात फिरवा, जमिनीला घासून."

मी फिरवला. रांगोळीत विळ्याच्या पात्यासारखी रेघ उमटली.

"तिफण बैलं वढतेत," ती म्हणाली. "सरळ तुमी न्हाई, बैलं हायेत. तुमचा सोताचा हात विळ्याचा हाय. चाळीस वर्सं ज्वारी कापून राहिले की!"

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागं, कोणी नसताना, मान टाकलेला पटर घेतला आणि चोपलेल्या मातीत एक वाटी पुरून तिच्यावर नेम धरला. पहिलाच चेंडू आत! दुसरा आत, तिसरा आत. हात आपोआप वळत होता, पटर त्याच्या मागं मागं येत होता. खोटं काहून बोलू, मला भरून आलं. गावाला मात्र मी आभाळवालाच नेतो म्हणून सांगितलं.

पुण्याला आम्ही नवरा-बायको गेलो, आणि शिरड शहापूरचा माझा मेहुणा गेला. मामाशिवाय बोलणी व्हायची कशी? व्याही उंच, टोपीवाले, हसायचं नाव नाही. नऊ भोकं खेळायची ठरली. मी मान टाकलेल्या पटरनं मारत गेलो आणि चेंडू जात गेले. आठ भोकं झाली तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. नवव्याला व्याह्यांचा चेंडू हुकला. माझा दोन हातांवर होता. गेला की मी जिंकलो.

तेवढ्यात मेहुण्यानं माझी बाही ओढली. घामाघूम झाला होता बिचारा.

"दाजी, काय करून राहिले तुमी? आपण पोरीकडले! व्याह्याला हरवता व्हय? मुकाट्यानं चुकवा."

बराबर बोलत होता तो. पोरीचा बाप बैठकीत सतरंजीच्या कडेला बसतो, व्याह्याच्या आधी घास उचलत नाही. आणि मी मूर्ख, पटर जमला या तोऱ्यात सगळं विसरलो होतो! ठरवलं, चुकवायचा. पण चुकवायचा कसा, ते मी शिकलोच नव्हतो. चेंडूच्या पुढं उभा राहून उजवीकडं पाहू लागलो.

पोरगी मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, मुद्दाम चुकवला तर मी ह्या घरात नांदणार न्हाई. आज तुमी चुकवसाल, उद्यापासून मला जलमभर चुकवावं लागंल."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मेहुण्याकडं पाठ केली. नेम धरला, अगदी जिवावर उदार होऊन धरला, आणि मारला. चेंडू सरळ भोकाकडं गेला, काठाला लागला, काठाकाठानं फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

माझ्या तोंडून शिवी गेली. बैलानं पायावर पाय दिल्यावर जी जाते ती, आईपासून सुरू होणारी, पूर्ण लांबीची. व्याह्यांनी टोपी काढली. बायकोनं तोंडाला पदर लावला. मेहुणा माझ्या कानाशी लागला, "शाबास दाजी!"

"अरे शाबास काय, गाढवा! खरंच चुकला!"

व्याही पुढं आले. "हे बघा, नोकरीत सगळे माझ्यासमोर मुद्दाम हरायचे. मला ते आवडत नाही. तुम्ही चुकवलात ना?"

मी तोंड उघडलं, पण कोण विश्वास ठेवणार? पोरीकडल्यांनी खरंच जिंकायला मारला आणि खरंच हुकला, हे कोणाला पटावं?

पोरगी मात्र माझ्या तोंडाकडं पाहत होती. पाहता पाहता फिसकन हसली, मग पोट धरून हसत खाली गवतावरच बसली.

"न्हाई," ती व्याह्यांना म्हणाली. "मुद्दाम चुकवणारा बाप अशी शिवी देत न्हाई."

मग माझा हात धरून उठली आणि म्हणाली, "नांदते मी, आबा."