खिडकीतल्या कॉफीचं कलम

पाकिटावरच्या लाखेचा वास आला की मला चेन्नईतली वीसेक वर्षांपूर्वीची ती खोली आठवते. पदपथ मोकळे करण्याचं विधेयक गुप्त, म्हणून मसुदा पुरा होईपर्यंत कायदा खात्यातले माझे साहेब आणि मसुदा लिहिणारा मी, दोघांना बाहेरून कुलूप, वर लाखेचं सील! घामाने कागद हाताला चिकटत होते. 'पदपथावर काहीही विकणारा गुन्हेगार,' असं मी झोकात लिहिलं, तोच खिडकीच्या गजांतून आमचा नेहमीचा कॉफीवाला पेले देत म्हणाला, "सार, नवा कायदा येतोय म्हणे. मी कुठे जाऊ?" गुप्ततेमुळे आम्ही नुसते कॉफीचे घोट घेत राहिलो. तो वळताच साहेब पुटपुटले, "अय्यो, आपण आत आहोतच, आता यालाही आत घालता? मग कॉफी कोण देणार?" मी निमूटपणे 'सरकारी खिडकीतून पेय देणारा वगळून' असं जोडलं. आज वकील त्या अपवादामागचा थोर हेतू कोर्टात गंभीरपणे उलगडतात, आणि मी मागच्या बाकावर रुमालात तोंड खुपसून खोकतो.