एक जूनची लेक

आमच्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय. शाळेत नाव घालताना पोरगं वयानं कमी भरलं, की मास्तर तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे. माझ्या लेकीचंही तसंच झालं. मी पलटणीतून सुट्टीवर आलो होतो. पोरीला सात-आठ महिने कमी पडतायत, पुढच्या वर्षी आणा, असं मास्तर म्हणाले. मला कुठला धीर! म्हटलं, घाला एक जून आणि घ्या दाखल करून. वर मोठं शहाणपण केल्यासारखा गावभर सांगत फिरलो.

पोरगी खो-खोत चपळ निघाली. शिराळ्यापासून पाटणपर्यंत जिथं खेळली, तिथं लोक तिचं पळणं बघायला थांबायचे. अठराच्या आतल्या मुलींची राज्य स्पर्धा तेवढी राहिली होती. तिथं पदक मिळालं असतं, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला अर्ज करता आला असता. तिला दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात कोरोना आला. स्पर्धा पुढं ढकलली, मग पुन्हा ढकलली. रोग काही खोटा नव्हता, आमच्याच आळीतली दोन माणसं गेली. पोरगी घरामागच्या रानात दोन वासे रोवून एकटीच पळायची. हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र झाली. शाळेच्या त्याच मैदानावर गुलाल उधळला, माणसाला माणूस खेटून नाचत होतं, आणि मास्क कुणाच्या हनुवटीलासुद्धा नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तालुक्याला जाऊन मी क्रीडा खात्याच्या साहेबांना तोंडावर विचारलं, "गुलालानं रोग व्हत न्हाई, आनि बारा पोरी खेळल्या की व्हतो व्हय?" वरून आदेश नाही, एवढंच ते म्हणाले. पुढं वर्षभर मी दिसेल त्याला शिव्या घातल्या.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला स्पर्धा जाहीर झाली एकदाची. चार दिवसांनी तिचे प्रशिक्षक फॉर्म परत घेऊन दारात आले. कागदावर तिला अठरा होऊन पाच महिने उलटले होते. खऱ्या वयानं अठरा व्हायला अजून दोनेक महिने बाकी होते. मी म्हटलं, थांबा, पुरावा आणतो. आणायचा कुठून? बाळंतपण सासुरवाडीला, पाटणच्या डोंगरात, सुईणीच्या हातचं. नोंद कुणी घातलीच नव्हती. प्रशिक्षक हात जोडून निघून गेले.

पोरगी रडली नाही. मी साहेबांना, सरकारला, सगळ्यांना नावं ठेवत होतो, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून बुटाचा चिखल काडीनं खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, ते ऱ्हाऊ द्या. मी खरी जलमले कवा?"

मी बायकोकडं बघितलं. संक्रांत होऊन गेली होती, ऊसतोड चालू होती, एवढंच तिला आठवत होतं.

"तारीख इचारत्ये, आबा."

मी तेव्हा सीमेवर होतो. लेक झाल्याचा निरोप मला कितीतरी दिवसांनी मिळाला, आणि कुठल्या दिवशी झाली, हे मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. तिनं बूट खुंटीला अडकवले आणि आत गेली.