स्वेटरच्या खोक्यांचं स्टेज

परदेशातल्या भल्या माणसांना मुंबईच्या हवेची कल्पना नसावी, किंवा असून त्यांनी ती मनावर घेतली नसावी. दरवर्षी नाताळच्या आधी आमच्या शाळेत बोटीने मोठाली लाकडी खोकी यायची आणि त्यांतून निघायचे लोकरीचे स्वेटर. जाड, हाताने विणलेले, गळ्यापर्यंत बंद. परळच्या घामट दुपारी आम्ही ते मुलांच्या अंगावर चढवायचो, आभाराच्या पत्रासोबत पाठवायला फोटो काढायचो आणि फोटोवाला फाटकाबाहेर पडायच्या आत स्वेटर ओढून काढून मुलांना पंख्याखाली बसवायचो. फोटोत सगळी पोरं लालबुंद दिसायची. देणाऱ्यांना वाटत असणार, मुलं बाळसं धरतायत.

चेष्टा करते खरी, पण त्यांच्याच जिवावर शाळा चालली. डिलाईल रोडच्या मागच्या अंगाला चर्चच्या जुन्या आवारात दोन खोल्या आणि एक पडवी, एवढीच आमची शाळा. मुलं सगळी ऐकू न येणारी. तेव्हा सरळ 'मुक्याबहिऱ्यांची शाळा' म्हणत, आणि मला त्या नावाचा राग यायचा, कारण मुकं त्यांतलं एकही नव्हतं. कोणाकडून फी घेत नव्हतो. दुधाची पावडर दानातली, कानाची वापरलेली मशीन दानातली, दादरच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका शुक्रवारी खिचडी करून आणायच्या ती दानातलीच. वरळीची एक कोळीण, जिचा नातू आमच्याकडे होता, ती सुक्या बोंबलांचा वाटा टेबलावर आपटून म्हणायची, "तुमच्या देवाला सांगा, कोळीवाड्यातून पण आलंय हां." मी सांगायची. तिचं नाव मुद्दाम आधी घ्यायची.

मी मूळची नगरकडची, ख्रिस्ती घरातली, तापट. गिरगावात एका खोलीत राहायची आणि बसने शाळेत यायची. मुख्याध्यापिका मीच, शिक्षिका मीच, नाकं पुसणारी बाईही मीच.

शाळेची मागची भिंत आमची नव्हतीच, ती गिरणीची. भिंतीपलीकडे साळखातं, म्हणजे कापड विणायचे साचे चालत तो भाग. दिवसभर धाडधाड. खडूच्या पेटीतले खडू आपोआप कडेला सरकायचे. गिरगावात घरी पोचले तरी माझ्या डोक्यात ते चालूच असायचं. पण आमच्या मुलांना ती भिंत म्हणजे मेजवानी होती. नवीन मूल आलं की मी आधी त्याचा तळहात भिंतीला लावायची, मग तोच हात माझ्या गळ्याला लावून बोलायची. जे तिकडे आहे ते इथेही आहे, हे कळलं की मूल दचकून स्वतःचा गळा चाचपायचं. तिथून पुढे सगळं सोपं असायचं असं नाही, पण सुरुवात व्हायची.

ज्या मुलीची ही गोष्ट, ती आमच्याकडे आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. वरळीच्या बीडीडी चाळीतली. बाप कोकणातला, त्याच गिरणीत साच्यावर कामाला. पहिल्या दिवशी तो दारातच उभा राहिला. भरघोस मिशी, आवाजात मात्र संकोच.

"बाई, बाटवूचा आसात तर आताच सांगा."

"आधी तिच्या गळ्यातून आवाज काढते," मी म्हटलं. "देव कुठला ते ती मग स्वतःच सांगेल."

तो हसला. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "ही माका एकदा तरी हाक मारतली काय?"

माझा स्वभाव असा की अशा प्रश्नाला 'बघू' म्हणणं मला जमत नाही. "मारेल की. तुम्हाला कंटाळा येईल इतकी मारेल," असं मी सांगून बसले. तो ते शब्द जपून घेऊन गेला.

त्या काळी आमच्या शाळांत कडक नियम होता: हातांनी खुणा करायच्या नाहीत, तोंडानेच बोलायचं. पण या बयेला कोण अडवणार! भिंतीला गाल लावून ती ओठांवर बोटांनी मिशी पिळायची. म्हणजे माझे बाबा आत आहेत. मी तिचा हात धरून खाली करायची, ती दुसऱ्या हाताने मिशी पिळायची. आम्ही दोघी एकाच मातीच्या होतो. मात्र भिंतीला टेकली की तिच्या गळ्यातून आवाज निघायचा. 'ब' यायला लागला होता. मग 'बा'. अजून ती हाक नव्हती, पण फार लांबही राहिली नव्हती.

आणि संप झाला.

त्या सकाळी बाहेर घोषणा होत्या, पोलिसांच्या गाड्या होत्या, पण माझ्या मुलांना कळलं ते भिंतीवरून. एकेक जण हात लावून बघत होता. एकाने बंद पडलेल्या रेडिओला मारावी तशी भिंतीला थाप मारली. तिने दोन्ही तळहात लावले, गाल लावला, मग वळून मिशी पिळली आणि रिकामी ओंजळ मला दाखवली. जणू मीच कुठलं बटण बंद केलं होतं. मी तिला फळ्यावर लिहून दाखवलं, ओठ हलवून दाखवलं. 'संप' म्हणताना शेवटी ओठ मिटतात, त्यापुढचं तिला काय शिकवणार?

आठवड्याभरातच तिचा आवाज गेला. ओठ बरोबर हलायचे, गळा थंड. मी हात धरून गळ्यावर ठेवायची तर ती ओढून घ्यायची आणि भिंतीशी जाऊन उभी राहायची.

आता तिला आणायला-न्यायला बाप येऊ लागला. सोडून घरी जायचा नाही, पडवीत बसून राहायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, "घरी काही काम नाही का तुम्हाला?" तोंडातून शब्द गेले आणि जीभ चावली. संपावरच्या माणसाला काम विचारणारी मी शहाणी! तो शांतपणे म्हणाला, "तुमीच सांगा काय ता, करतंय."

मग मी त्याला भिंतीचं सगळं सांगितलं. मिशीचंही. त्याचा विश्वास बसेना. "म्हंजे ती माझो साचो ऐकत होती?" तो आत आला आणि त्या गार भिंतीला स्वतःचा तळहात लावून उभा राहिला. म्हणाला, "इतक्या साच्यांत माझो खयचो ता तिका कसा कळतला?" हसायला गेला, पण ते हसू काही नीट आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मृदंग घेऊन आला. चाळीतल्या भजनात वाजवायचा. आवारात कोपऱ्यात स्वेटरची रिकामी खोकी पडली होती. त्याने ती मोडली, वाकडे खिळे दगडावर सरळ केले आणि शनिवार-रविवारात भिंतीपाशी आतून पोकळ असं एक बुटकं स्टेज ठोकलं. मुलांना चपला काढून वर बसवलं, स्वतः मध्ये मांडी घातली. सुरू करण्याआधी फळीवर तळव्याने दोन थापा मारल्या, थोडा थांबला, आणखी एक मारली. मग मृदंगावर हात पडला.

मुलांचे चेहरे मी अजून विसरलेली नाही. कोणी पालथं झोपलं, कोणी फळीला कपाळ टेकलं. एका पोराने दात टेकवले. माझी ही बया बापाच्या गुडघ्याशी गाल लावून आडवी झाली आणि थोड्या वेळाने तिच्या गळ्यातून निघालं, ब, ब, बा. तालात. बापाचा हात चुकला, पण तो थांबला नाही.

तेव्हापासून रोज हे चालू झालं, आधी फळीवर त्या दोन आणि एक थापा, मग मृदंग. गंमत अशी की ती आवाज काढायची तो फळीकडे तोंड करून. वाजवणं थांबवून त्याने तिची हनुवटी वर केली, माझ्याकडे बघ, मला म्हण, असं केलं की गळा बंद. "फळयेक कशाक मारतंस हाक? मी हय आसंय गो," तो तिला म्हणायचा, तिला ऐकू येत नाही हे विसरून. मी सांगायची, धीर धरा, येतंय. मला खरंच वाटत होतं की येतंय.

एकदा परदेशातले देणगीदार शाळा बघायला आले. मी बोलण्याचा तास दाखवणार होते, आणि त्यांच्यासमोर बनियन घातलेला हा गृहस्थ मृदंगावर अभंगाचा ठेका धरून बसलेला. ही मदत बंद झाली तर दूध बंद, मशीन बंद. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हातारे, मवाळ, पण त्या दिवशी पुढे झाले आणि म्हणाले, आमच्या मराठी उपासनेत मृदंग असतोच. त्यात काही खोटं नव्हतं. पाहुणे बूट काढून स्टेजवर चढले. फळ्यांवर त्यांच्याच देशाची काळी छापील अक्षरं उलटीपालटी दिसत होती. त्यातल्या एकाने डोळे मिटले आणि तो तसाच उभा राहिला. पुढच्या नाताळला खोकी आली. स्वेटर आणखी जाड होते.

पण संप काही मिटेना. चाळींतल्या खोल्यांना कुलपं लागू लागली. माणसं बोचकी बांधून गावाला निघाली. एक दिवस तो हातात बोचकं आणि खांद्यावर मृदंग घेऊन आला आणि मला कळलं.

मी भांडले. मुलीला इथे ठेवा म्हणाले. मिशनच्या वसतिगृहात जागा आहे, मदत देणारे आहेत, तुम्हाला काही बघावं लागणार नाही. "एक वर्ष द्या मला. हाक तुम्हीच मागितली होतीत ना?" माझा आवाज चढला होता.

"बाई," तो म्हणाला, "हाक मारल्यान तरी ती हय मारतली. मी थय आसतलंय."

मी तिला जवळ घेतलं, तिचा हात माझ्या गळ्याला लावला. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात जे सुचलं नाही ते त्या घटकेला कुठून सुचावं? "नीट जेव," म्हणाले. तिने मान डोलावली आणि जाताना एकदा भिंतीला हात लावून गेली.

नंतर कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली. काही खरंच बोलली. एखादं मूल पहिल्यांदा आईला हाक मारायचं, आई रडायची, मीही रडायची, आणि माझं मन कोकणात कुठेतरी भटकून यायचं. दिलं होतं ते वचन माझ्याकडेच राहून गेलं होतं. गणपतीनंतर गावाहून परतलेल्या पालकांना मी विचारायची, अशी अशी मुलगी, बाप मिशीवाला, मृदंग वाजवतो. लोक म्हणायचे, बाई, कोकणात मृदंगवाले काय थोडे आहेत? कसलाच पत्ता लागला नाही. मला तिची फार आठवण यायची. माझ्या पोटची नव्हती म्हणून ती आठवण कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही.

गिरणी पडली. साळखात्याच्या जागी टॉवर उठला आणि भिंतीच्या पलीकडे गाड्या लागू लागल्या. स्वेटर कधीच बंद झाले, आता कंपन्यांकडून कॉम्प्युटर येतात. नव्या कमिटीला ते स्टेज काढून टाकायचं होतं, वाळवी लागेल म्हणाले. मी म्हटलं, आधी मला काढा. तेव्हापासून कोणी विषय काढत नाही. मध्यंतरी माझेच कान गेले. देवालाही विनोद सुचतात. आता माझ्या कानामागे मशीन असतं आणि मुलं ते बघून खूश होतात. कटकट झाली की मी काढून ठेवते.

निवृत्त झाले तरी मी आठवड्यातून एकदा जाते. त्या दुपारी मुलं घरी गेली होती. शेजारी दुसऱ्या टॉवरच्या पायाचं काम चालू, म्हणून कानाचं मशीन काढून मी स्टेजवर उभी राहून फळा पुसत होते. पाठ दाराकडे. पायांखाली धक्के जाणवले. दोन. मग थोडं थांबून एक. बाहेरचं मशीन असं मध्ये थांबत नाही.

मी वळले. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला एक बाई उभी होती. चपला खाली काढलेल्या, हातात पिशवी, टाच उचललेली. तिने पिशवी ठेवली आणि ओठांवर मिशी पिळली.

मी तिला किती वेळ धरून होते कोण जाणे. मग विचारलं, बाबा? तिने पुन्हा मिशी पिळली आणि रिकामी ओंजळ दाखवली. संपाच्या सकाळी दाखवली होती तशीच. मग हातोडी मारल्यासारखं करत, जमिनीवर फळ्या आखत तिने सांगितलं की बाबांनी तिकडे घरीही असंच स्टेज ठोकलं होतं.

एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं. ज्या हाताने मी तिच्या खुणा अडवायची त्याच हाताने मी आयुष्यात पहिल्यांदा मिशी पिळली, मग तोंडाशी तळवा नेऊन विचारलं. त्यांना हाक मारलीस कधी?

तिने गळ्याला हात लावून मान हलवली. नाही. मग टाच उचलून फळीवर दोनदा आपटली, थांबली, एकदा आपटली. पुन्हा मिशी पिळली आणि लगेच बाप झाली: मांडीवरच्या मृदंगावरून हात उचलून, मान वळवून, कोणी बोलावलं म्हणून हसत बघणारा बाप.

दिवसातून किती वेळा, मी विचारलं. तिने दोन्ही हात पसरले आणि कंटाळलेल्या माणसासारखं कपाळाला हात लावून दाखवलं.