लांबहातवाले नाना

पहिल्या भेटीत नाना हात पुढे करायचे आणि समोरच्याचा हात लवकर सोडायचे नाहीत. त्यांच्या उजव्या पंजाला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तिन्ही बोटं मुळापासून गेलेली. हातात हात घेतला की ती रिकामी जागा तळव्याला जाणवायची, समोरच्याचा चेहरा बदलायचा आणि नाना तो निवांत बघत बसायचे. मी हात ओढून घेतला. "घाबारली व्हय? अगं, गेलेली बोटं चावत न्हाईत," असं म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, फक्त स्वतःसाठी.

चिखलीत त्यांची पत्र्याची शेड होती. एक जुनं लेथ, एक ड्रिल आणि भिंतीला टेकून ठेवलेले ॲल्युमिनियमचे दांडे. मी छोट्या वर्कशॉपवाल्यांना वेबसाइट करून देते. नानांच्या पुतण्याने हौसेने केलेली एक साइट वर्षभर नुसती पडून होती, तिच्यावरून एकही ऑर्डर आली नव्हती. ती सुधारायची म्हणून मला बोलावलं होतं. त्यांनी आधी माझी चौकशी केली. वडील काय करतात? पिंपरीत कंपनीत होते, आता निवृत्त. "बोटं किती?" मी म्हटलं, दहा. "मंग कंपनी बरी व्हती," नाना म्हणाले, आणि माझ्या वडिलांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

नाना मूळचे निघोज्याचे. जमीन कारखान्यांत गेली आणि ते त्याच पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका बसतो. दिवसातून हजारदा हात आत जायचा. एकदा बाहेर यायला उशीर झाला. "आमची जमीन घेतली आन् वर तीन बोटंबी तिथंच ठिवून घेतली," हे ते कुणालाही ऐकवायचे. ऐकणाऱ्याने हसावं की नाही हे त्याला कळायचं नाही, आणि नानांना तेच हवं असायचं.

त्यानंतर नऊ वर्षं खपून त्यांनी 'लांबहात' बनवला. कोपराएवढा दांडा, टोकाला लोहचुंबक, अंगठ्यापाशी खटका. तुकडा चिकटवून उचलायचा, साच्यात ठेवायचा, खटका दाबून सोडायचा. हात बाहेरच राहतो. अशी साधनं बाजारात होती, पण हा अंगठा आणि करंगळी एवढ्यावरसुद्धा चालायचा. "ज्याची निम्मी बोटं गेलीत त्याला उरलेली वाचवायची असत्यात," ते म्हणायचे. कुणी किंमत विचारली की उत्तर ठरलेलं असायचं. "आधी बोटाची सांग. त्याला स्पेअर मिळत न्हाई."

हे विकायची त्यांची रीत भयंकर होती. प्रेस शॉपमध्ये जायचे, कामगारांना गोळा करायचे, खिशातून गाजर काढून साच्यात ठेवायचे आणि पेडल दाबायचे. गाजराचा चेंदा व्हायचा. कुणी हसलं की त्याच्या हातात चेंदा द्यायचे. "धर. घरी गेल्याव बायकूला दाखव, सांग सराव चाललाय." एका ठिकाणी नवीन लागलेल्या पोरीला तिथल्या तिथे उलटी झाली. नाना म्हणाले, "ही टिकंल. हिला कळलं." त्यांना माणसांची दया येत असेल तर ती अशीच बाहेर पडायची.

साइटही त्याच तोंडाची होती. उघडली की पडदाभर नानांचा पंजा आणि खाली ओळ : 'ही तिघं कुठं गेली, विचारा.' त्याखाली गाजराचा व्हिडिओ. लोक येत होते आणि क्षणात निघून जात होते. मी नानांना ते आकडे दाखवले आणि म्हटलं, हा हात काढावा लागेल.

"का? घाण दिसतो?"

"नाना, बोटं कामगाराची असतात. पण कॉम्प्युटरवर बसून ऑर्डर मालक देतो. त्याला बोटांचं काय? माल किती निघेल ते सांगा, तो घेईल."

नानांनी भिंतीचा एक लांबहात उचलून त्याचा खटका दोनदा दाबला. त्यांना अडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटली. मग ते म्हणाले, "पर लांबहातानं काम सावकास व्हतं, पोरी. हाताची सर त्याला न्हाई. सावकास व्हतं म्हनून तर वाचतं."

"सावकाश म्हटलं तर एकही खपणार नाही. शेडमध्ये पडून राहिलेला लांबहात कुणाची बोटं वाचवणार?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. नाना पंजाकडे बघत बसले, मग म्हणाले, "मंग लिव."

मी लिहिलं. हात गेला, गाजर गेलं. हेल्मेट घातलेला एक हसरा गोरा तरुण आला, आणि त्याच्या शेजारी ठळक ओळ : 'लांबहात वापरा, तासाला जास्त माल काढा.' खाली ऑर्डरचं बटण आणि ग्राहकांच्या अभिप्रायाची जागा. महिन्याभरात फोन सुरू झाले. नानांनी दुसरं लेथ घेतलं. प्रत्येक ऑर्डर ते स्वतः पोचवायचे आणि कामगारांना वापरून दाखवायचे. मला एकदा त्यांनी चहा विचारला. तेवढंच कौतुक.

मग महाळुंग्याच्या एका मालकाचा अभिप्राय आला. पाच तारे. 'आमच्याकडे एका महिला कामगाराचा अपघात झाला. परंतु टूल पुरवलेले होते व तिने वापरले नाही, त्यामुळे जबाबदारी आमच्यावर आली नाही. प्रत्येक प्रेस शॉपने ठेवावे असे साधन.' मी तो वाचला. आधी तारे पाहिले, मग मजकूर. तो काढून टाकायला हवा हे मला कळत होतं. पण त्यानंतर फोन दुपटीने वाढले, म्हणून मी तो राहू दिला. आता फोनवर लोक विचारायचे, "इन्स्पेक्शनला दाखवायला चालतो, तोच ना?" असा एक फोन नानांनी घेतला. त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं, तो अभिप्राय मोठ्याने वाचायला लावला, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "गाडी काढ."

अपघात झालेल्या त्या कामगार, शोभाताई, महाळुंग्यात एका चाळीतल्या खोलीत राहत होत्या. मूळच्या बीडकडच्या, ठेकेदाराकडे कामाला, कुठल्याच विम्यात नाव नाही. हाताला अजून पट्टी होती. नानांनी आपला हात पुढे केला नाही. खाली फरशीवर बसले आणि विचारलं, "लांबहात का न्हाई वापरला, बाई?"

"वापरला की. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वापरला," त्या म्हणाल्या. "पण मालक म्हनले, ह्यानं जास्त माल निघतो असं बनवणारानंच लिहिलंय. टार्गेट वाढवलं. लांबहातानं तर आधीचंबी होत नव्हतं, काका. मग खिळ्याला लावला आन् हातानं सुरू केलं." पट्टी सावरत म्हणाल्या, "बोटं गेली तवा मालक धावत आले. आधी खिळ्यावरच्या लांबहाताचा फोटो काढला, मग गाडी बोलावली."

मी दाराकडे बघत होते. नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शोभाताईंनी भरपाईसाठी दावा लावला होता. दिलेलं साधन त्यांनी मुद्दाम वापरलं नाही, असं मालकाचं म्हणणं. मग साधन बनवणाऱ्यानेच येऊन सांगितलं, की ते टार्गेट लांबहाताने कुणालाच गाठता येणार नाही, तर? तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचा सगळा दावा उभा होता. नाना तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात आले, आणि साक्ष सरळ दिली. "लांबहातानं काम सावकास व्हतं. त्यो आकडा मानसाला जमायचा न्हाई."

मालकाच्या वकिलाने फाइलमधून एक कागद काढला. माझ्या पानाची रंगीत प्रिंट होती. त्याने ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, "ही साइट तुमचीच?"

"व्हय."

"मग हे खरं, की आत्ता सांगितलंत ते खरं?"

"आत्ताचं."

"म्हणजे गिऱ्हाइकांना खोटं सांगून माल विकलात?"

नानांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. "व्हय," ते म्हणाले. वकील खाली बसला. त्याला पुढे काही विचारायची गरजच राहिली नव्हती.

बाहेर जिन्यात शोभाताई थांबल्या. मी एक पायरी मागे होते, नानांची पिशवी धरून. "काका, ते जास्त मालाचं कुनी लिहिलं होतं?"

"म्या," नाना म्हणाले.

"तुमी? सोताची बोटं अशी गेलेली असून?"

"धंदा व्हता."

शोभाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि बोटं गेलेला हात पदराखाली घेऊन जिना उतरून गेल्या. मी उभी होते. 'मी लिहिलं' एवढे दोन शब्द मला बोलता आले नाहीत.

नंतर मी नानांना विचारलं, माझं नाव का घेतलं नाही. "तुझं नाव घिऊन तिची बोटं येनार हायत का? आन् 'लिव' म्याच म्हनलं व्हतं." मग पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "आज साइट बंद कर. आन् पुन्यांदा मला तोंड दाखवू नको." ते रिक्षाने एकटेच गेले. साइट मी त्याच दिवशी बंद केली. भिंतीभिंतींवर टांगलेले लांबहात कुणाला बंद करता येणार होते?

निकाल शोभाताईंच्या विरुद्ध लागला. त्यानंतर वर्षभराने नाना गेले, निघोज्यातच, हृदयविकाराने. शेड त्यांनी आधीच विकली होती. दहाव्याला मी लांब उभी राहिले. शोभाताई आल्या नव्हत्या, आणि का याव्यात? त्यांच्या लेखी नाना म्हणजे धंद्यासाठी खोटं लिहून त्यांची बोटं घालवणारा माणूस. हे खोटं आहे, हे आता फक्त मला माहीत आहे. महाळुंग्यात माझी दोन गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्याकडे जाताना ती चाळ लागते. तिथून जाताना मी गाडी हळूसुद्धा करत नाही.