टेप की टेलिफोन

आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर दोन. एक घाटकोपरच्या ऑफिसात, दुसरा साकीनाक्याच्या कारखान्यात. दोन्ही कपाटाएवढे, आणि एकमेकांशी बोलणं नाही. दिवसभरच्या ऑर्डरींची फाइल टेपच्या रिळावर उतरवून संध्याकाळी साकीनाक्याला पोचवायची, हे काम माझ्याकडे. लागले होते मी प्रोग्रॅमर म्हणून. रिक्षात रीळ मांडीवर घेऊन बसायचे. घरी पोचेपर्यंत माझी लहानगी लेक सासूबाईंच्या कुशीत झोपलेली असायची. रविवार सोडला तर ती मला जागेपणी बघायची ती फक्त सकाळी, मी निघताना. याचा मला फार राग यायचा, आणि राग काढायला समोर ते रीळच असायचं.

म्हणून साहेबांच्या मागे लागून मी दोन मोडेम आणवले. फोनला जोडायचे डबे, एक इकडे, एक तिकडे. फाइल तारेतून जाईल आणि मी घरी. पण आमची लाइन म्हणजे धर्मशाळा. फाइल अर्ध्यावर गेली की कोणीतरी कांद्याचा भाव विचारत मध्ये घुसायचं आणि सगळं पहिल्यापासून.

"टेप कधी चुकलीय का?" साहेब म्हणाले.

नव्हती चुकली.

"खंडेनवमीला ऑफिसं बंद, लाइन मोकळी असेल. तेव्हा करून दाखवा. नाही जमलं तर मोडेम परत."

खंडेनवमीला दुपारी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चाचणीसाठी आदल्या दिवशीची फाइल घेऊन मी साकीनाक्याला फोन लावला. लाइन इतकी स्वच्छ की पलीकडचा पंखा ऐकू येत होता. तिथला ऑपरेटर मालवणचा, मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे तो माझ्याशी घरच्यासारखा बोलायचा.

"मोडेम चालू कर," मी म्हटलं.

"पूजा झाली गे बाय. आता उद्यापर्यंत मशिनीक हात लावूचो नाय."

"अरे, पूजा लेथची, प्रेसची. कॉम्प्युटरची कसली?"

"तेका पण हळदकुकू लायलंय. सायबांनीच सकाळी नारळ फोडल्यानी."

मी मागे वळून पाहिलं. साहेबांच्या कपाळावर टिळा होता.

"साहेब, तुम्ही सांगा ना त्याला."

"पूजेला बसलेलं यंत्र मी उठवू?" साहेब म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "टेपचं हेच बरं आहे बघा. पलीकडचं मशीन बंद असलं तरी चालतं. टेबलावर ठेवून आलं की झालं."

हे अगदी बरोबर होतं. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. इकडचा मोडेम खोक्यात भरला, खोक्याला सुतळी बांधली आणि निघाले. सुट्टीमुळे ऑर्डरी नव्हत्या, त्यामुळे त्या दिवशी टेपही न्यायची नव्हती.

घरी पोचले तेव्हा चांगलं ऊन होतं. लेक उंबऱ्यात भातुकली मांडून बसली होती. पर्स खांद्याला अडकवून मी दारात उभी दिसले, तशी तिनं खेळातून मान वर केली, हात हलवला आणि म्हणाली, "टाटा."